पुढे काहीच नव्हते, मग गाड्या थांबल्या का?

पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की देहूरोडनंतर बेगडेवाडी हे छोटे स्टेशन लागते. त्यापुढे घोरावाडी आणि मग तळेगाव. मावळातल्या या टापूत मुंबई आणि पुणे जोडणाऱ्या तिन्ही वाटा एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. एक लोहमार्ग, दुसरा जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि तिसरा किवळ्यापासून सुरू होऊन कळंबोलीपर्यंत जाणारा द्रुतगती मार्ग. सगळे त्याला ‘एक्सप्रेस वे’ म्हणतात. सरकारी नाव यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग.

या तीन वाटांपैकी लोहमार्गावर एका गोष्टीची शिस्त कधीच मोडत नाही. पुढची गाडी आणि मागची गाडी यांच्यात अंतर राहते. ते मोटरमनच्या मर्जीवर सोडलेले नाही, सिग्नल ते राखतो. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय हिरवा दिवा मिळत नाही. बाकीच्या दोन वाटांवर मात्र प्रत्येक जण आपापले अंतर स्वतः ठरवतो. कोणी राखतो, कोणी राखत नाही. एवढ्या एका फरकातून काय काय घडते, याचा अभ्यास जगभरातले गणितज्ञ आणि अभियंते जवळजवळ नव्वद वर्षे करत आहेत. वाचक बंधू-भगिनींना तो ठाऊक असायला हवा, कारण ईदला गावी जाताना, लग्नाला मुंबईला जाताना किंवा आजारी माणसाला रुग्णालयात नेताना आपण याच रस्त्यावर असतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा अनुभव घेतला आहे. गाडी चांगली चाललेली असते. अचानक पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागतात. दहा-पंधरा मिनिटे गोगलगायीच्या चालीने सरकत राहायचे. मागच्या सीटवर मुले कुरकुरतात, अब्बाजान म्हणतात, “पुढे अपघात झाला असेल.” मग एका ठिकाणी रस्ता मोकळा होतो, गाड्या पुन्हा पळू लागतात. सगळे जण डावीउजवीकडे पाहतात. अपघात नाही, बंद पडलेला ट्रक नाही, पोलीस नाही, काहीच नाही. मग इतका वेळ आपण थांबलो कशासाठी?

रस्त्याचा साधा हिशेब

रस्ता किती गाड्या पुढे पोहोचवतो, हे मोजायचे सूत्र अगदी सोपे आहे. एका किलोमीटरमध्ये किती गाड्या आहेत, त्या संख्येला वेगाने गुणायचे. समजा एका मार्गिकेत, म्हणजे लेनमध्ये, दर किलोमीटरला २० गाड्या आहेत आणि त्या ताशी ९० किलोमीटरने जात आहेत. तासाला १८०० गाड्या पुढे जातील. आता त्याच लेनमध्ये गर्दी वाढून दर किलोमीटरला ९० गाड्या झाल्या आणि वेग ताशी १० किलोमीटरवर आला. तासाला फक्त ९०० गाड्या जातील. रस्ता गाड्यांनी गच्च भरलेला दिसतो, पण काम निम्मेच करतो.

ईदच्या नमाजनंतर ईदगाहच्या दारातून बाहेर पडताना हेच दिसते. सगळे शांतपणे, थोडे थांबत निघाले तर दहा मिनिटांत मैदान रिकामे होते. सगळ्यांनी एकदम दाराकडे लोटले की दारातच माणसे अडकतात आणि शेवटचा माणूस बाहेर पडायला पाऊण तास लागतो. दार तेवढेच, माणसेही तेवढीच असतात.

हा हिशेब पहिल्यांदा पद्धतशीरपणे मांडला तो अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ब्रूस ग्रीनशील्ड्स या अभियंत्याने, १९३० च्या दशकात. रस्त्याच्या कडेला कॅमेरा लावून ठरावीक अंतराने फोटो घ्यायचे आणि दोन फोटोंमध्ये गाडी किती सरकली त्यावरून वेग काढायचा, अशी त्याची रीत होती. गाड्या दाटल्या की वेग उतरतो हे कोणालाही कळते. ग्रीनशील्ड्सने ते आकड्यांत बसवले आणि दाखवले की प्रत्येक रस्त्याला एक अशी पातळी असते जिथे तो सर्वांत जास्त गाड्या पोहोचवतो. ती पातळी ओलांडली की रस्ता उलटा कमी काम करू लागतो.

पुढचे पाऊल १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये पडले. जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम हे दोघे गणितज्ञ लांब नद्यांमधून पुराची लाट कशी सरकते, याचा अभ्यास करत होते. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात त्यांनी तेच गणित गर्दीच्या लांब रस्त्यांना लावले. पवना आणि इंद्रायणी पाहणाऱ्या मावळच्या माणसाला हे समजायला जड जाणार नाही. पुराची लाट आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी असतात, दोघांचा वेग सारखा नसतो. रस्त्यावर तर गाड्या पुढे जातात आणि ब्रेकची लाट मागे जाते.

मागे पळणारी कोंडी

ही लाट कशी तयार होते ते पाहू. उर्सेच्या पुढे एक मोटार मधल्या लेनमधून अचानक उजवीकडे घुसली. मागच्या चालकाने जरासा ब्रेक दाबला. त्याच्या मागच्याला लाल दिवा दिसायला आणि पाय ब्रेकवर जायला एक-दीड सेकंद लागला. तेवढ्या वेळात अंतर आणखी कमी झाले, म्हणून त्याने थोडा जास्त ब्रेक दाबला. त्याच्या मागच्याने आणखी जास्त. असे करत करत विसाव्या की तिसाव्या गाडीला पूर्ण थांबावे लागले. ज्याने पहिली लेन बदलली तो तोवर कामशेतच्या दिशेने निघूनही गेला. त्याला मागे काय झाले याची कल्पनाही नाही.

ही कोंडी साधारण ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने मागे सरकत जाते. म्हणजे पाव तासात ती चार-पाच किलोमीटर मागे येते. ज्या जागी कारण घडले तिथे सगळे सुरळीत असते आणि ज्यांचा काही संबंध नाही ते लोक पाच किलोमीटर मागे अडकलेले असतात. पुढे काहीच नव्हते तरी गाड्या का थांबल्या, याचे उत्तर हे आहे.

हे नुसते कागदावरचे गणित राहिलेले नाही. जपानच्या नागोया भागातील संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकामागे एक ठेवल्या. चालकांना सांगितले, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सारख्या वेगाने चालवत राहा. सिग्नल नाही, वळणावर अडथळा नाही, लेन बदलायला दुसरी लेनही नाही. सुरुवातीला गाड्या नीट फिरल्या. थोड्या वेळाने कोणाचा वेग किंचित कमी-जास्त झाला आणि बघता बघता काही गाड्या पूर्ण थांबल्या. ती थांबलेल्या गाड्यांची गाठ ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने फिरत राहिली. कोणीही चूक केली नव्हती. माणसाला प्रतिसाद द्यायला लागणारा एक-दीड सेकंद आणि अपुरे अंतर, एवढेच त्याला पुरले.

मुलांना हे घरी दाखवता येते. सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या मैदानात दहा-बारा मुलांना गोलात उभे करा. पुढच्याच्या पाठीपासून हातभर अंतर ठेवून सगळ्यांनी एका चालीत चालायचे. एकाला हळूच सांगा, मधेच एक क्षण अडखळ. ती अडखळ मागच्या मागे जात कोणाला तरी पूर्ण थांबवेल. मग अंतर दोन हात करा आणि पुन्हा तेच करा. अडखळ बहुतेक वेळा दोन-तीन मुलांतच विरून जाईल. विज्ञानाच्या पुस्तकात न मिळणारा धडा पाच मिनिटांत शिकून होतो.

घाट हीच गाठ

आपल्या रस्त्याला यात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे बोरघाट. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे चढली, २००२ मध्ये सहा पदरी द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. एकूण ९४.५ किलोमीटर लांबीचा हा देशातला पहिला सहा पदरी, ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर जाता येणारा मार्ग. पण तिन्ही वेळा डोंगर तोच होता. घाटात द्रुतगती मार्गाचे सहा पदर आणि जुन्या महामार्गाचे चार पदर काही अंतर एकत्र येतात. दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत. त्यात चढण, वळणे, मालाने भरलेले ट्रक आणि पावसाळ्यात धुके. घाटातली कोंडी म्हणजे नरसाळ्याच्या तोंडाशी अडकलेले धान्य.

याच घाटात १८३० च्या काळातला अमृतांजन पूल होता. द्रुतगती मार्ग त्याच्या खालून जात होता आणि पुलाचे दगडी खांब वाटेच्या मधे येत होते. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे रस्ता रिकामा असताना, तो पाडण्यात आला. जुनी खूण गेल्याची हळहळ अनेकांना वाटली. पण रस्त्यावरची एक अरुंद जागा किती किलोमीटरची वाहतूक अडवते, हे त्या खांबांकडे पाहून समजत असे.

खोपोली ते कुसगाव या तेरा किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या ‘मिसिंग लिंक’चे काम २०१९ मध्ये हाती घेतले गेले ते याचसाठी. दोन बोगदे, त्यांतला एक जवळजवळ नऊ किलोमीटरचा, आणि दरीवरचे उंच पूल. घाटाची वळणे टाळायची, अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी करायचे आणि दहा पदर सहा पदरांत कोंबण्याची पाळी येऊ द्यायची नाही, हा त्यामागचा विचार. गाठ सुटली की आराम मिळतो, यात शंका नाही. पण रुंद आणि सरळ रस्त्यावरही नागोयाची लाट उठते, हे लक्षात ठेवायला हवे. नवा रस्ता नव्या गाड्याही बोलावतो. काही काळाने अडकण्याची जागा पुढे सरकून किवळ्याला किंवा कळंबोलीला येते, कारण सगळ्यांना शेवटी शहरातच शिरायचे असते.

यावर एक उपाय ऐकायला उलटा वाटतो. गर्दीच्या वेळी रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांना तोंडाशीच थोडे थांबवायचे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या महामार्गांवर चढण्याच्या वाटांवर सिग्नल होते. ते एकेक-दोनदोन गाड्या सोडत. लोक वैतागले, आम्हाला उगाच का थांबवता म्हणाले. तेव्हा २००० सालच्या अखेरीस सरकारने काही आठवडे सगळे सिग्नल बंद करून पाहिले. रस्त्यावरून पुढे जाणाऱ्या गाड्यांची संख्या ९ टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. सिग्नल पुन्हा सुरू झाले. सणासुदीला जड वाहनांना काही तास मार्गावर येऊ न देण्याचे आदेश आपल्याकडे निघतात, किंवा घाटाच्या आधी वाहने टप्प्याटप्प्याने सोडली जातात, तेव्हा त्यामागे हाच हिशेब असतो.

मुंबईचा मुलगा आणि आपोआप चालणाऱ्या गाड्या

माणसाच्या त्या एक-दीड सेकंदामुळे लाट उठत असेल तर गाडी माणसाच्या हातून काढून यंत्राकडे दिली तर? हे स्वप्न जुने आहे. १९३९ च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने ‘फ्युचरामा’ नावाचा देखावा मांडला होता. त्यात महामार्गांवर गाड्या आपोआप योग्य अंतर राखून जाताना दाखवल्या होत्या.

हे स्वप्न खऱ्या रस्त्यावर आणण्याच्या कामात एक मोठे नाव मुंबईचे आहे. प्रवीण वरैया यांचा जन्म १९४० मध्ये मुंबईत झाला. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून ते अभियंता झाले, पुढे अमेरिकेत बर्कली विद्यापीठात शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘पाथ’ या संशोधन कार्यक्रमाचे ते काही वर्षे संचालक होते. हुशार गाड्या आणि हुशार रस्ते यांच्या नियंत्रणाचे गणित त्यांनी १९९० च्या दशकात मांडले. कल्पना अशी की गाड्यांनी रेल्वेच्या डब्यांसारखी छोटी रांग करायची. पुढची गाडी ब्रेक दाबते त्याच क्षणी बिनतारी संदेशाने मागच्या सगळ्या गाड्यांना कळते. माणसाला लागणारा वेळ मध्ये येतच नाही. म्हणून गाड्यांमधले अंतर खूप कमी ठेवता येते आणि एका लेनमधून दुप्पट-तिप्पट गाड्या जाऊ शकतात.

ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन डिएगोजवळ याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. सुमारे १२ किलोमीटरच्या रस्त्यात हजारो छोटे लोहचुंबक पुरले होते. गाड्या त्यांच्या खुणेवर आपली लेन धरत होत्या. आठ मोटारींची रांग ताशी शंभराच्या आसपास वेगाने, एकमेकींपासून अवघ्या साडेसहा मीटरवर धावली. चालक हात सोडून बसले होते. तंत्र चालते हे सिद्ध झाले. पण पुढच्याच वर्षी अमेरिकन सरकारने त्या राष्ट्रीय कार्यक्रमातून अंग काढून घेतले. सगळ्या गाड्या आणि सगळे रस्ते एकदम बदलायचे कसे, त्याचा खर्च कोण करणार आणि यंत्र चुकले तर जबाबदार कोण, या प्रश्नांची उत्तरे चुंबकांत नव्हती.

वरैयांच्या कामाचा नंतरचा भाग आपल्या जास्त उपयोगाचा आहे. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या महामार्गांखाली बसवलेल्या हजारो संवेदकांची माहिती रोजच्या रोज गोळा करून पाहण्याची व्यवस्था उभारली. तोवर सगळ्यांची समजूत होती की गाड्या जास्त आणि रस्ता कमी म्हणून कोंडी होते. आकडे पाहून वरैया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले की रस्ता सर्वांत जास्त गाड्या पोहोचवतो तो ताशी सुमारे ९५ किलोमीटरचा वेग टिकून असताना. एकदा प्रवाह मोडला की तोच रस्ता आपल्या क्षमतेपेक्षा बराच कमी चालतो. म्हणून नवी लेन बांधण्याआधी आहे तो प्रवाह मोडू नये याची काळजी घ्या. २०२२ मध्ये वरैयांचे निधन झाले. त्यांचा हा सल्ला मात्र मावळातल्या रस्त्यालाही लागू पडतो.

अलीकडच्या प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात संशोधकांनी नागोयासारखाच गोल रस्ता घेतला, त्यावर वीसेक गाड्या फिरवल्या आणि त्यांतली एकच गाडी यंत्राकडे दिली. ती पुढच्याच्या मागे धावत सुटायची नाही. प्रवाहाचा सरासरी वेग ओळखून त्या वेगाने शांत चालायची. एका गाडीने लाट जवळजवळ मिटवली आणि सगळ्यांचे मिळून इंधन ४० टक्क्यांपर्यंत वाचले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नॅशव्हिलच्या खऱ्या महामार्गावर अशा १०० गाड्या उतरवून हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला.

मात्र सावधगिरीही हवी. नव्या मोटारींमध्ये पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारी सोय येते. परदेशातल्या अशा काही गाड्या तपासल्या तेव्हा त्यांच्या रांगेत ब्रेकची लाट विरण्याऐवजी वाढत गेलेली आढळली. आणि ही सोय जिथे सगळे आपापली लेन धरून चालतात अशा रस्त्यांसाठी घडवलेली आहे. आपल्याकडे एकाच रस्त्यावर ट्रक, टेम्पो, बस, मोटार सगळे असते, लेनची रेघ अनेकांना दिसतच नाही. या मिश्र वाहतुकीचे गणित वेगळे पडते आणि आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत त्यावर स्वतंत्र काम चालते. गाडीने पिंग केले म्हणून पाय ब्रेकवरून काढून निर्धास्त बसावे, अशी वेळ आपल्या घाटात आलेली नाही.

चालकाच्या चुलीचे काय?

आपोआप चालणाऱ्या गाड्यांचा विषय निघाला की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो. मुंब्रा, कुर्ला, भिवंडीपासून पिंपरी-चिंचवड, देहूरोड, तळेगावपर्यंत किती तरी घरांची चूल चाकावर पेटते. कोणाचे अब्बा कंटेनर चालवतात, कोणाचा भाऊ टेम्पो, कोणाचे मामू कॅब. यंत्र आले तर यांनी काय करायचे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले की लाखो चालकांचा रोजगार जाईल म्हणून चालकाविना गाड्यांना भारतात परवानगी देणार नाही. परदेशातही हे काम वाटले तितके सोपे ठरलेले नाही. २०१६ मध्ये युरोपातल्या अनेक देशांतून ट्रकांच्या रांगा बिनतारी संदेशाने जोडून रॉटरडॅमपर्यंत नेण्यात आल्या. तीन वर्षांनी, २०१९ च्या सुरुवातीला, डाइमलर या मोठ्या ट्रक कंपनीने सांगितले की अशा रांगांतून होणारी बचत अपेक्षेपेक्षा कमी आहे आणि त्यात पैसा घालण्यात अर्थ नाही. म्हणून आज तरी चालकाची नोकरी चालकाविना गाडी खाईल ही भीती मोठी नाही. चालकाचे आयुष्य अपघात खाईल ही भीती खरी आहे.

२०१६ या एका वर्षात द्रुतगती मार्गावर १५१ माणसे मेली. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि एक वाहन कंपनी यांनी मिळून हा आकडा शून्यावर आणण्याचा प्रकल्प सुरू केला. कडेला उभी राहिलेली वाहने हटवणे, उघडे कठडे आणि धोक्याच्या जागा झाकणे, खुणा सुधारणे, वेग तपासणे, जखमीला लवकर रुग्णालयात पोहोचवणे, अशी ती कामे आहेत. त्यांत चमत्कार वाटावा असे काही नाही, पण पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २०२४ पासून मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा वेग, लेन आणि सीटबेल्ट यांवर लक्ष ठेवते. आकडा अजून शून्य झालेला नाही, आणि उरलेल्या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे.

आपल्या हातात काय आहे?

आता घरातल्या प्रत्येक चालकासाठी थोडा हिशेब. ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद लागला तर ४२ मीटर तशीच गेली. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ५५ मीटर लागतात. एकूण शंभर मीटरच्या आसपास. पुढच्या गाडीच्या मागे दहा मीटरवर चालणारा माणूस नशिबावर चालत असतो.

सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. ती मोडून कोणी ६० किलोमीटरचे अंतर १२० च्या वेगाने कापले तर ३६ मिनिटांऐवजी ३० मिनिटे लागतील. सहा मिनिटे वाचली. पण ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर आणि धडकेचा जोर दोन्ही ४४ टक्क्यांनी वाढले. शिवाय एवढा वेग राखायला सतत लेन बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी मागे एक लाट सुटते. वाचलेली सहा मिनिटे मागच्या शेकडो लोकांकडून वसूल होतात. त्या शेकडोंमध्ये एखादी रुग्णवाहिका असू शकते.

अंतर मोजायची रीत सोपी आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचे. ते म्हणून होण्याआधी आपण त्या खांबाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. मावळच्या पावसात आणि घाटाच्या धुक्यात हेच मोजमाप दुप्पट करायचे. मधल्या जागेत कोणीतरी घुसेल, घुसू द्या. पुन्हा हळूच अंतर वाढवा. ॲरिझोनाच्या त्या एका गाडीने हेच केले होते, आणि त्यासाठी संगणक लागत नाही. गाड्या सरकू लागल्या की एकदम जोर देऊन पुन्हा ब्रेक दाबण्यापेक्षा सावकाश एका चालीत सरकत राहा. मागच्याने हॉर्न वाजवला तरी.

जड वाहन डाव्या लेनमध्ये ठेवा. उजवी लेन ओलांडण्यासाठी आहे, ओलांडून झाले की परत मधल्या लेनमध्ये या. टायर तपासायला, फोन घ्यायला, फोटो काढायला कडेला थांबू नका. वाहन बिघडलेच तर आतल्या सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे उभे करा, मुलांना गाडीत ठेवू नका. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा. अम्मी आणि दादी म्हणतील, आम्हाला गुदमरल्यासारखे होते. त्यांना प्रेमाने समजवा, पण पट्टा लावूनच निघा.

रमजानमध्ये संध्याकाळची घाई मोठी असते. इफ्तारला घरी पोहोचायचे म्हणून उपाशीपोटी, थकलेल्या डोळ्यांनी माणूस वेग वाढवतो. गाडीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवा. रोजा वेळेवर सोडता येतो, फूड मॉलला किंवा टोलनाक्याच्या पुढे ठरवून दिलेल्या जागी थांबून दहा मिनिटे विसावा घेता येतो. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. चालवत असलेल्या माणसाला दर दहा मिनिटांनी फोन करून “कुठवर आलात?” विचारू नये. तो फोन घेतो ते दोन सेकंद म्हणजे रस्त्यावरचे ५५ मीटर.

आणि दरवेळी गाडीच काढायला हवी असेही नाही. पुण्याला किंवा लोणावळ्याला एकट्या-दुकट्याने जायचे असेल तर बेगडेवाडीच्या फलाटावर लोकल थांबते. त्या वाटेवर दोन गाड्यांमधले अंतर राखायची जबाबदारी सिग्नलची असते. रस्त्यावर उतरलो की ती जबाबदारी आपली, आणि ती पार पाडायला तीन सेकंद पुरतात.